सिस्टर, हा तुटवडा तू केलेला नाहीस

या वेळचं पत्र:

"मॅडम, मी सत्तावीस वर्षांची आहे. गाव करमाळा तालुक्यात. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केला आणि गेली पाच वर्षं पुण्यात दीडशे खाटांच्या एका खाजगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. हातात २१ हजार येतात. त्यातले साडेसात हजार कॉट बेसिस आणि मेसमध्ये जातात. नाइटला जनरल वॉर्डात आम्ही दोघी आणि अठ्ठावीस पेशंट. एक जण रजेवर गेली की मी एकटी. आई म्हणते सरकारी भरतीची वाट बघ, भाऊ म्हणतो जर्मनीला जा. एका एजंटने साडेतीन लाख मागितलेत आणि वडील अर्धा एकर गहाण टाकायला निघालेत. राजीनाम्याचा विषय काढला तर मेट्रन मॅडम म्हणाल्या, 'देशात नर्सेसचा एवढा तुटवडा असताना तुला जाववतं कसं?' तेव्हापासून नाइट करून आल्यावरही झोप लागत नाही. शिवाय सरकार इतकी नवीन नर्सिंग कॉलेजं काढतंय, म्हणजे चार वर्षांत नर्सच नर्स होतील, मग आमची किंमत अजून खाली जाणार का? घरात लग्नाचंही बघतायत. माझी मूळ प्रमाणपत्रं हॉस्पिटलकडेच आहेत. काय करू? – एक नाइटवाली, धनकवडी."

नाइटवाली सिस्टर,

मला मॅडम म्हणू नकोस. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत काढली, शेवटची सहा परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज, म्हणून. वॉर्डात शिरले त्या दिवसापासून निवृत्तीच्या नारळापर्यंत सगळ्यांनी सिस्टर म्हणूनच हाक मारली. अजूनही मंडईत कुणी 'ओ सिस्टर' म्हणालं की भाजीची पिशवी हातात धरून मी वळते आणि बघते, कुणाचं सलाईन संपलं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एजंट, जमीन, लग्न हे सगळं आहेच, पण झोप उडवली ती मेट्रनबाईंच्या एका वाक्याने. म्हणून आधी ते वाक्य हातात घेऊ.

तुटवडा खोटा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलं की २०१८ साली जगात ५९ लाख नर्स कमी होत्या. त्याच संघटनेच्या २०२५ च्या अहवालात २०२३ सालचा आकडा ५८ लाख आहे. मधल्या पाच वर्षांत कोविड येऊन गेला, टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या, पणत्या लागल्या, आणि तुटवडा एका लाखाने कमी झाला. आपल्याकडे हजार लोकांमागे तीन नर्स असाव्यात असं धरतात, आणि केंद्र सरकारने संसदेत दिलेला एक आकडा होता १.९६.

पण हा १.९६ येतो कुठून? नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरवरून. देशभरात तेव्हा तेहतीस लाखांवर नावं होती, त्यांवरून तो काढला. त्या रजिस्टरमध्ये लग्नानंतर ड्युटी सोडलेली आहे, दुबईत गेलेली आहे, पाठीच्या मणक्याने घरी बसलेली आहे, नर्सिंग सोडून विम्याच्या कंपनीत क्लेम तपासणारी आहे. माझ्या बॅचला आम्ही तीस जणी होतो. शेवटपर्यंत वॉर्डात टिकलो अकरा. बाकीच्या एकोणीस जणी कागदावर कितीतरी वर्षं नर्सच होत्या, आणि त्यांच्यातल्या दोघी तर दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण कुणीतरी आरोग्य खात्यातच बसून केली असावी.

आता तुमच्याच वॉर्डाचा हिशेब कर. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा दंडक असा: शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन खाटांना एक नर्स, म्हणजे एका पाळीत साधारण नऊ पेशंटना एक. साध्या रुग्णालयाला पाच खाटांना एक, म्हणजे पाळीत साधारण पंधरांना एक. आयसीयूत दर पाळीला एका पेशंटमागे एक. वर ३० टक्के जास्तीच्या नर्स, रजेची राखीव म्हणून, कारण बायका आजारी पडतात, बाळंत होतात, त्यांच्याही घरी सासरे वारतात. हा काही फार उदार दंडक नाही, हे मी नाइटला उभं राहून सांगते. तुझ्याकडे चौदा, आणि एक जण रजेवर गेली की अठ्ठावीस. म्हणजे तुमच्या हॉस्पिटलात रजेची राखीव आहेच की. ती तू आहेस.

दोघींत भागतंय तोवर तिसरी कुणी घेत नाही. अठ्ठावीस पेशंटचे टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी, श्वासाच्या नोंदी, पहाटे साडेपाचला एकदम भरले जातात, ते कसे भरले जातात हे तुला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे, आणि राउंडला येणारे सर त्याच चार्टवर सही करतात. तुटवडा तिथे बसलेला आहे. त्याला देशभक्तीशी काही देणंघेणं नाही.

मेट्रनबाईंवर राग धरू नकोस मात्र. मीही रोस्टर लावलेत. महिन्याच्या पंचवीस तारखेला तो कागद समोर घेऊन बसलं की माणसं दिसत नाहीत, नुसती रिकामी घरं दिसतात, आणि जी मुलगी नाही म्हणत नाही तिचं नाव त्यात आपोआप जातं. एकदा एका मुलीला मी लागोपाठ नऊ नाइट लावल्या होत्या. दहाव्या दिवशी ती ड्रेसिंगच्या ट्रॉलीला टेकून उभ्याउभ्या झोपली आणि ट्रॉलीसकट पडली. मीच तिला ओरडले, यंत्रसामग्रीचं नुकसान केलंस म्हणून. त्या ओरडण्याची लाज मला तिच्या पडण्यापेक्षा जास्त दिवस पुरली. तुझ्या मेट्रनबाई तुझ्याशी बोलल्या नाहीत, त्या समोरच्या रिकाम्या घराशी बोलल्या.

तुझा दुसरा प्रश्न मला आवडला, कारण तो सहसा कुणी विचारत नाही. नव्या कॉलेजांनी किंमत घसरेल का?

२०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १५७ सरकारी नर्सिंग कॉलेजं मंजूर केली. २०१४ नंतर निघालेल्या मेडिकल कॉलेजांच्या आवारातच ती काढायची. खर्च १,५७० कोटी, म्हणजे कॉलेजमागे दहा कोटी, आणि दरवर्षी पंधरा हजार सातशेच्या आसपास मुली-मुलं बीएस्सी होऊन बाहेर पडतील असा अंदाज. यातली मेडिकल कॉलेजला चिकटून काढण्याची गोष्ट मला खरोखर पटली. नर्सिंग फळ्यावर शिकवता येत नाही. माझ्या हाताखाली अशा मुली आल्यात ज्यांनी तिसऱ्या वर्षापर्यंत कॅथेटर फक्त पुतळ्याला घातला होता, कारण त्यांच्या कॉलेजचं रुग्णालय बहुतेक फाइलमध्येच होतं. खाटांशेजारी कॉलेज असलं की निदान पेशंट तरी हाताखालून जातील.

बीएस्सीला चार वर्षं लागतात, त्याआधी इमारत लागते, आणि त्याहीआधी शिकवणाऱ्या ट्यूटर लागतात, ज्यांचीही वानवा आहे. लाखांच्या खड्ड्यात वर्षाला पंधरा हजारांची भर पडते आहे. तेव्हा तुझी किंमत या मुलींमुळे खाली यायची नाही. ती आधीच खाली आहे, आणि त्याची कारणं कॉलेजांशी फारशी संबंधित नाहीत. रांजण भरायला सरकार घागरी वाढवतंय, हे चांगलंच आहे. बुडाशी भोक आहे त्याचं काय?

भोकावरही बोट ठेवून झालंय, असं नाही की कुणाला कळलं नाही. २०१६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने खाजगी रुग्णालयांतल्या नर्सच्या पगाराबद्दल केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने शिफारशी केल्या. दोनशेवर खाटा असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतकाच पगार. शंभरवर असतील तर फार तर १० टक्के कमी. पन्नास ते शंभर खाटांना फार तर २५ टक्के कमी. पन्नासच्या आतल्या दवाखान्यालाही २० हजारांच्या खाली जाता येणार नाही. आता तुझं बघ. महाराष्ट्रात सरकारी अधिपरिचारिकेचं, म्हणजे स्टाफ नर्सचं, मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. दीडशे खाटांच्या हॉस्पिटलने त्यात १० टक्के कापले तर नुसत्या मूळ वेतनाचे ३१,८६० होतात. तुला पाच वर्षांनंतर मिळतात २१ हजार. म्हणजे सगळ्यात लहान दवाखान्यासाठी जो तळ त्या वेळी सुचवला होता, त्याच्यावर तू एक हजार रुपये उभी आहेस.

पण शिफारस ती शिफारस. आरोग्य हा राज्यांचा विषय, केंद्राने राज्यांना कळवलं, आणि कळवण्याला कायद्याचं बळ नसतं. केरळात नर्सेस रस्त्यावर उतरल्या तेव्हा तिथल्या सरकारने २०१८ मध्ये खाजगी रुग्णालयांसाठी किमान २० हजारांची अधिसूचना काढली. फुकट मिळालं नाही ते त्यांनाही. आपल्या सरकारी परिचारिकांनीही २०२२ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२५ च्या जुलैत संप केले, आणि दोन्ही वेळा कंत्राटी भरतीला विरोध ही एक मुख्य मागणी होती. यातली गंमत अशी की एका हाताने सरकार कॉलेज काढतं आणि दुसऱ्या हाताने तिथून निघणाऱ्या मुलीला एजन्सीमार्फत अकरा महिन्यांवर घेतं. अकरा महिन्यांच्या मुलीला वॉर्ड आपला वाटत नाही. का वाटावा?

जाता जाता एक सांगते, कारण तू पुण्यात आहेस. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली इथे पुणे सेवासदन निघालं आणि पुढे त्यांनी विधवा आणि परित्यक्ता बायकांना नर्सिंग शिकायला ससूनला पाठवायला सुरुवात केली. त्या काळी परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा म्हणजे काय, ही सगळी बोलणी त्या बायकांनी पचवली. तेव्हा नर्स मिळत नव्हत्या कारण घरं बायकांना पाठवत नव्हती. आज करमाळ्याचा शेतकरी जमीन गहाण टाकून मुलीला पाठवायला तयार आहे. घरांनी आपला भाग केला. आता कुणाचा राहिलाय ते तूच ठरव.

तर मेट्रनबाईंच्या वाक्याचं माझं उत्तर हे. तू गेलीस तर त्या वॉर्डात एक जागा रिकामी होईल, आणि ती भरता येईल अशा मुली पुण्यात डझनाने आहेत, फक्त २१ हजारांत अठ्ठावीस पेशंट सांभाळायला तयार नाहीत. तुला जाववतं कसं, या प्रश्नापेक्षा इतकी वर्षं राहववलं कसं हा प्रश्न जास्त रास्त आहे. झोप आता.

आता पुढचं. मी तुझ्या जागी असते तर एक वर्ष दोन दोऱ्या एकदम धरल्या असत्या. तीन नाही, दमशील.

पहिली दोरी आईची. आईचं चुकत नाही, फक्त 'वाट बघ' हा शब्द चुकीचा आहे. सरकारी भरती वाट बघणाऱ्याला मिळत नाही. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने २०२३ मध्ये पाच हजारांवर पदांची जाहिरात काढली होती, त्यात बहुसंख्य पदं अधिपरिचारिकांची होती. अशी मोठी जाहिरात रोज निघत नाही, आणि निघते तेव्हा तयारीला फार दिवस मिळत नाहीत. परीक्षेत नर्सिंगबरोबर मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन असतं, आणि आपल्या मुली घसरतात त्या नेमक्या या चारांत. नर्सिंगचं तुला येतं. रोज नाइटला जाताना बसमध्ये अर्धा तास बुद्धिमापनाला दे. राज्यात खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे, म्हणजे तिकडे घाई नाही.

घाई दुसरीकडे आहे. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदांसाठी नॉरसेट नावाची परीक्षा वर्षातून साधारण दोनदा होते. जीएनएमला तिथे किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, तो तुझ्याकडे आहे. वयाची मर्यादा तीस, आरक्षण असेल तर सवलत. मूळ वेतन ४४,९०० पासून. स्पर्धा देशभराची आहे, राजस्थानातली मुलं या परीक्षेसाठी वर्ष-दोन वर्षं क्लास लावून बसतात, म्हणून पहिल्या फटक्यात होईलच असं नाही. पण तुझ्याकडे तीन वर्षं आहेत आणि एम्स आता नागपूरलाही आहे. हे दार आपोआप बंद होणार आहे, म्हणून आधी ते ठोठाव.

दुसरी दोरी भावाची, जर्मनीची. इथे जरा थांबून बोलते, कारण इथेच जमीन जायची वेळ आली आहे.

जर्मनीला नर्स हव्या आहेत हे खरं. जगातल्या दर सात नर्सपैकी एक जण आज जन्मभूमीबाहेर काम करते आहे आणि श्रीमंत देशांत हे प्रमाण २३ टक्के आहे, तेव्हा तू काही जगावेगळं करत नाहीस. सरकारंही यात उतरली आहेत. केरळची नोर्का ही सरकारी संस्था २०२१ पासून जर्मन सरकारी यंत्रणेबरोबर 'ट्रिपल विन' नावाने नर्स पाठवते आणि नर्सकडून त्याचे पैसे घेत नाही. आपल्या राज्याने २०२४ च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल माणसं पाठवण्याचा, त्यातही परिचारिका आहेत. तिथे नाव नोंदवता येत असेल तर जरूर नोंदव. पण सरकारी गाडी कोणत्या गिअरमध्ये चालते हे मी चौतीस वर्षं आतून पाहिलंय, म्हणून त्यावर विसंबून भाषा शिकायचं थांबू नकोस.

कारण सगळं अडतं ते भाषेवर. तिथे नर्स म्हणून मान्यता मिळवायची तर सर्वसाधारणपणे जर्मनची बी-टू पातळी लागते. ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चार पायऱ्या, आणि ड्युटी करून शिकणाऱ्या मुलीला दीड वर्ष धरून चाल. सहा महिन्यांत बी-टू करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर ये. त्याबाबतीत पुण्यात असणं हे तुझं नशीब आहे. बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन आहे. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, तिथे फी बरीच कमी पडते. मात्र व्हिसाला आणि मान्यतेला गोएथे, टेल्क किंवा ओएसडी यांसारख्या मान्य परीक्षा-संस्थांचंच प्रमाणपत्र चालतं, तेव्हा शिक कुठेही, परीक्षा तिथली दे.

तिथे पोचल्यावरही लगेच सिस्टर होत नाहीस. तुझ्या जीएनएमची त्यांच्या अभ्यासक्रमाशी तुलना होते, जे कमी पडतं त्यासाठी एक तर परीक्षा किंवा काही महिन्यांचं जुळवून घेण्याचं प्रशिक्षण, आणि ते पार पडेपर्यंत तू मदतनीस म्हणून काम करतेस, पगारही त्याच हिशेबाचा. एजंट हे सहसा सांगत नाही.

आणि आणखी एक, जे ऐकून आपल्या मुली गप्प होतात. तिथे पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, कुशीवर वळवणं, लंगोट बदलणं हे सगळं नर्सच करते. आपल्याकडे हे मावशी करतात, मामा करतात, नाहीतर पेशंटची सून करते. आपली सगळी ऐट कशात, तर कोलमडलेल्या पेशंटची व्हेन पहिल्या टोचणीत मिळवण्यात. जर्मनीत ते बरेचदा डॉक्टरचं काम धरतात. माझ्या हाताखालची एक मुलगी गेलीय, तिने पहिल्या दिवाळीला फोन केला आणि म्हणाली, सिस्टर, सहा महिन्यांत एक आयव्ही लावली नाही, रोज आठ आजोबांना अंघोळ घालते. रडत होती. दुसऱ्या दिवाळीला म्हणाली, अंघोळ घालताना पाठीवरची जखम मला सगळ्यात आधी दिसते, इथे डॉक्टर मला विचारतात. पुढचं काही बोलली नाही, पण परतही आली नाही. तुला कोणत्या दिवाळीपर्यंत तग धरता येईल ते तुलाच माहीत.

जपान म्हणून कुणी काही दाखवलं तर कागद नीट वाच. तिकडून बहुतेक मागणी येते ती केअरगिव्हरची. काम वाईट नाही, पण तिथे तुझं जीएनएम धरत नाहीत.

आता एजंट. साडेतीन लाख कशाचे? आपल्या कायद्याप्रमाणे परदेशी नोकरी लावणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो, आणि त्याला उमेदवाराकडून फार तर ३० हजार सेवाशुल्क घेता येतं, वर १८ टक्के जीएसटी. बेरीज कर: ३५,४००. बघ कसा योगायोग, सरकारी सिस्टरच्या पहिल्या मूळ वेतनाइतकी. याच्यावर एक रुपया मागितला तर तो कशाचा हे पावतीवर लिहून माग. भाषेचा क्लास, परीक्षेची फी, भाषांतरं, तिकीट, प्रत्येकाची वेगळी पावती. शिवाय जर्मनीत प्रामाणिक भरतीसाठी सरकारी मानचिन्ह आहे, 'फायरे आनव्हेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड' नावाचं, आणि ते असलेली संस्था नर्सकडून पैसे घेऊ शकत नाही, खर्च मालक करतो. म्हणजे जर्मनीला तुझी गरज असेल तर पैसे जर्मनीने भरायचे आहेत, करमाळ्याने नाही.

ई-मायग्रेट नावाच्या सरकारी संकेतस्थळावर नोंदलेल्या एजंटांची यादी आहे. तुझ्या माणसाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि मुदत तिथे शोध. सापडलं नाही तर मुंबईला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं कार्यालय आहे, तिथे विचार. २०१५ साली केंद्राने आखाती आणि इतर मिळून अठरा देशांसाठी नर्स पाठवण्याचं काम खाजगी एजंटांकडून काढून सरकारी संस्थांकडे दिलं होतं, ते उगाच नाही. त्याआधी कुवेतला जायला मुलींनी वीस-वीस लाख मोजले होते.

वडिलांना सांग, जमीन राहू दे. आणि हे फोनवर सांगू नकोस, घरी जाऊन सांग, हिशेबाचा कागद समोर ठेवून. आपल्याकडे बापाला मुलीच्या नोकरीसाठी काहीतरी गमावल्याशिवाय आपण काही केलं असं वाटत नाही. त्यांना क्लासच्या ए-वनची फी भरू दे. तेवढं पुरे.

लग्नाचं मी काही बोलत नाही, तू त्याला एकच ओळ दिलीस, मीही एकच देते: मुलाला नाइट ड्युटी आणि जर्मन क्लास या दोन गोष्टी पहिल्या भेटीत सांग, पुढचं तोच ठरवेल.

या वर्षभरात सध्याच्या नोकरीचं काय? लगेच सोडू नकोस, पण आयसीयूत बदली माग. अनुभव वाढतो, परीक्षेत आणि परदेशात दोन्हीकडे त्याला वजन आहे, आणि पेशंट कमी असतात. नाही म्हणाले तर दुसरं हॉस्पिटल बघ. पुण्यात पाच वर्षांच्या नर्सला पंचवीस-तीसवर घेणारी रुग्णालयं आहेत, फक्त ती तुला शोधत येणार नाहीत. आणि जिथे असशील तिथे, एकटीवर अठ्ठावीस आले की त्या रात्री रिपोर्ट बुकात लिही. 'स्टाफ एक, पेशंट २८, इन्चार्जना अमुक वाजता कळवलं.' तक्रारीच्या सुरात नको, नुसती नोंद. उद्या काही वाईट झालं तर चौकशीत तेवढी एक ओळ तुझ्या बाजूने बोलेल. माझ्या बाबतीत एकदा बोलली आहे.

राहिली प्रमाणपत्रं. ती तुझी आहेत. पडताळणीला दाखवायची, झेरॉक्स द्यायची, मूळ परत घ्यायची, असाच रिवाज असायला हवा. जीएनएमची मार्कशीट, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नोंदणीपत्र, ओळखपत्र, यातलं काय काय त्यांच्याकडे आहे त्याची आधी घरी बसून यादी कर. मग एचआरला साधा अर्ज: नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आणि स्पर्धा परीक्षेच्या कागदपत्र पडताळणीसाठी खालील मूळ कागद परत मिळावेत. दोन प्रती काढ, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घे. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठव आणि पोचपावती जपून ठेव. राजीनाम्याचा शब्द त्यात घालू नकोस, आणि कागद हातात येईपर्यंत राजीनामा देऊही नकोस. बाँड म्हणून काही सही केली असशील तर त्याची प्रतही याच अर्जात माग.

बुधवारी तुझा ऑफ असतो असं पत्राच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंयस, बहुतेक फोन करायचा असेल तर म्हणून. दुपारी तीनपर्यंत झोप, मग यादी कर. अर्जाचा मसुदा मला पाठव, मी बघून देते. लाल पेनने खुणा करायची सवय अजून गेलेली नाही.

– तुझी सिस्टर